रंगीत अळूचा विटाळ

मनकर्णाबाईला मी मोठी माय म्हणत असे. आमचं नातं नेमकं काय, ते ओघात कळेल. आधी सांगितलं तर तुम्ही लगेच कुणाची तरी बाजू घेऊन बसाल, आणि अर्धं ऐकून बाजू घेणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही.

अमडापूरच्या उकंडरावांची ती बायको. घरची शेती बरकतीची होती, दारात बैलांची दमणी होती आणि उकंडराव लोकल बोर्डाचे मेंबर होते. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले आणि जिल्ह्याचा बुलढाण्याहून. बैठकीच्या निमित्तानं उकंडराव बुलढाण्याला जात आणि येताना तिथली काहीतरी नवलाई उचलून आणत. एकदा भिंतीवरचं घड्याळ आणलं, त्याला चावी कशी द्यायची हे कुणालाच कळेना. एकदा बिस्किटांचा डबा आणला, तो घरातल्या सोवळ्यापायी गोठ्यात गेला आणि गड्यांनी संपवला. त्या वर्षी मृगाच्या सुमारास त्यांनी डिप्टी साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याला गोड बोलून एक झाड आणलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कुंडी त्यांनी वाटभर मांडीवर धरली होती. स्वतःच्या बायकोला त्यांनी इतकं जपून कधी दमणीतून आणलं नसेल.

गोणपाट सुटलं तेव्हा सगळं घर भोवती जमलं. पानं अळूसारखी, पण रंग भलताच. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा आणि मधेमधे कुंकवाचं पाणी शिंपडल्यासारखे लाल ठिपके. उकंडरावांच्या आई चंद्रभागाबाई पुढं झाल्या, पान बोटात धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"वड्या होतात का याच्या?"

"माय, हे खायाचं नाई. पाह्याचं आहे," उकंडराव म्हणाले.

"पाह्यासाठी झाड?" चंद्रभागाबाईंनी पान सोडून दिलं. "साहेब लोकाईले काम नाई वाटते."

झाडाचं नाव माळ्यानं कायसंसं इंग्रजी सांगितलं होतं, ते चिखलीच्या पुढं येईपर्यंत उकंडराव विसरले. घरात त्याला कुणी साहेबाचं झाड म्हणे, कुणी रंगीत अळू. त्याला आधी अंगणात ठेवलं. ऊन लागलं आणि पानांच्या कडा करपल्या. मग बैठकीत ठेवलं, तर तिथं अंधार, देठ नुसते लांबत चालले. शेवटी माजघरातल्या खिडकीपाशी, जिथं उजेड येतो पण ऊन येत नाही, तिथं कुंडी बसवली आणि झाड मानवलं. माजघर बायकांचं, म्हणून झाड मनकर्णाच्या हाती आलं. कुणी ते तिला दिलं नव्हतं. घरातली बरीच कामं तिच्याकडं अशीच आली होती.

तिनं ते मनापासून केलं. तांदूळ धुतलेलं पाणी ती गार करून घाली. मातीत बोट खुपसून ओल पाही, मगच पाणी देई. जुनं, पार माती झालेलं शेणखत आणि नदीची वाळू कालवून तिनं कुंडी पुन्हा भरली. पानं उजेडाकडं झुकतात हे लक्षात आल्यावर ती अधूनमधून कुंडी फिरवू लागली. पानांवर चुलीच्या धुराची काजळी बसे, ती ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुशी. देठाचा चीक हाताला लागला की खाज सुटे, तेव्हा चिंच चोळी. श्रावणापर्यंत झाड असं फोफावलं की उकंडरावांकडं चिखलीहून, मेहकरहून कुणी आलं की कुंडी बैठकीत नेली जाई. पाहुणे वाहवा करत, आणि मनकर्णा दाराआडून कुंडी परत यायची वाट पाहत बसे. तिनं स्वतः तर ती बैठक झाडायच्या वेळेपुरतीच पाहिलेली. आईबाप गेलेले, भाऊ बोलवत नसे. घर, विहीर, वर्षातून एकदा देवीची यात्रा, एवढंच तिचं गाव होतं.

आणि ते घरही हातचं जायची वेळ आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. चंद्रभागाबाई वाईट बाई होत्या असं मी म्हणणार नाही, म्हणावंसं पुष्कळदा वाटलं तरी. त्यांची आधीची सगळी लेकरं गेली होती. शेवटचा मुलगा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मग उचलून घरात घेतलं, मरणाला हे लेकरू टाकाऊ वाटावं म्हणून. त्यावरूनच नाव उकंडा. उकिरड्यावरून वाचवून आणलेला वंश डोळ्यांदेखत आटणार, या धास्तीनं त्या बाईला झोप लागत नसे. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी सुनेला जवळ बसवलं.

"घाटाखाली संग्रामपुराकडं एक पोरगी पाह्यली आहे. नारायणरावाची. तुले मी काढून देत नाई, मनकर्णा. दोघी बहिणीसारख्या राहा."

बहिणीसारख्या राहणाऱ्या दोघी मनकर्णानं गावात पाहिल्या होत्या. जिच्या मांडीवर लेकरू तिच्या कमरेला किल्ल्या आणि तिच्या हाती चूल. दुसरी तिच्याच घरात मोलकरीण. तिला या घरात आपली जागा हवी होती. प्रेम, सुख वगैरे ती मागतच नव्हती. चुलीपुढचा पाट आपलाच राहावा, एवढंच.

कार्तिकात तिची पाळी आली आणि ती बाहेर बसलीच नाही.

आज हे वाचणाऱ्या मुलींना यात काय मोठं, असं वाटेल. तेव्हा त्या दिवसांत बाईनं न्हाणीमागच्या खोलीत बसायचं. चौथ्या दिवशी न्हाऊनच घरात यायचं. चूल, देव, पाण्याचा हंडा, लोणच्याची बरणी, कशालाही शिवायचं नाही. तुळशीला आणि फुलझाडांना तर मुळीच नाही, विटाळाच्या हातानं झाड जळतं. रंगीत अळू माजघरात आलं तेव्हापासून चंद्रभागाबाईंनी त्यालाही हाच नियम लावला होता. मनकर्णा बाहेर बसली की त्या दिवसांपुरतं त्या स्वतः झाडाला पाणी घालत, तोंडानं साहेबाला नावं ठेवत.

सून बाहेर बसली नाही हे सासूच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. सासवांचं गणित पक्कं असतं. त्यांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मनकर्णानं मान खाली घातली. तेवढ्यावर चंद्रभागाबाईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि नारायणरावाकडं निरोप धाडला की थांबा. नारायणरावाला घर बरं वाटलं होतं. तो म्हणाला, संक्रांतीपर्यंत थांबतो, मग पोरगी दुसरीकडं देतो.

म्हणजे संक्रांत गाठायची होती. पुढचं मनकर्णानं ठरवून ठेवलं होतं. संक्रांत झाली की पोट गेलं म्हणायचं. पोटं जातात, त्याला कोण काय करणार. तोवर घाटाखालची मुलगी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलेली असेल.

मोठी माय मला हे सांगायची तेव्हा या ठिकाणी तिचा आवाज अगदी बारीक होई. ती म्हणे, खोटं बोलायला काही लागलं नाही, पण खोट्यात राहणं फार कठीण. विटाळाचे कपडे धुवून वाळवायचे कुठं? ती जुन्या लुगड्याचे तुकडे वापरी आणि न्हाणीतल्या चुलवणात जाळून टाकी. पाणी तापवायला ती एवढी सकाळी काऊन उठते, म्हणून चंद्रभागाबाई उलट तिलाच रागावत. जड उचलू नको, वाकू नको, थंड पाण्यात हात घालू नको. ज्या सासूनं वर्षानुवर्षं तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, ती सकाळी स्वतःच्या हातानं दुधाचा पेला आणून पुढं धरी. मोठी माय म्हणायची, शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आणि भीती वेगळीच. तुम्हाला वाटेल, तिला पकडले जाण्याची भीती होती. ती होतीच, पण त्याहून मोठी भीती खऱ्याखुऱ्या विटाळाची होती. सासूइतकाच तिचाही त्यावर विश्वास होता. त्या दिवसांत स्वयंपाकाला बसण्याआधी ती चुलीच्या पाया पडे. डोकं दुखतं म्हणून ती देवघराचा दिवा सासूला लावायला सांगे. पण झाड टाळता येत नव्हतं. त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे, आणि तिनं हात लावला नाही तर लगेच दिसलं असतं. म्हणून मनातल्या मनात माफी मागत ती पाणी घाली.

कार्तिक संपता संपता गारठा पडला. बुलढाण्याकडचा घाटमाथा थंडीत बरा बोचतो. एका सकाळी रंगीत अळूचं एक पान कडेनं पिवळं दिसलं. दोन दिवसांत देठ मऊ पडून ते कुंडीबाहेर आडवं झालं. मग दुसरं. मग तिसरं. मनकर्णानं कुंडी चुलीजवळ सरकवली, खिडकीला पोतं लावलं, कोमट पाणी दिलं. पानं पडतच राहिली. मार्गशीर्षात तिची दुसरी पाळी आली आणि त्या दिवसांतच उरलेलं झाड मान टाकून बसलं. भेदरून तिनं पाणी घालणंच सोडलं. आपण जितकं शिवू तितकं ते मरेल, असं तिच्या मनानं घेतलं.

आता खरं काय होतं ते सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला कोड्यात ठेवल्यासारखं व्हायला नको. ही जात पावसाळ्यात वाढते आणि थंडी पडली की वरची सगळी पानं टाकून मातीतल्या गड्ड्यात झोपते. बंगल्यावरच्या माळ्याला हे माहीत होतं. पण उकंडरावांनी झाड मागितलं, ते कसं जगतं हे विचारलं नाही, आणि आमच्या घरात या झाडानं हिवाळा कधी पाहिला नव्हता. त्याला कुणाचाही विटाळ झाला नव्हता. त्याची झोपेची वेळ झाली होती, एवढंच.

मनकर्णाला यातलं काय ठाऊक असणार? तिला दिसत होतं ते एवढंच, की आपण पाप केलं आणि झाड मेलं. झाडापुरतं असतं तरी तिनं दात आवळून संक्रांत गाठली असती. पण त्याच आठवड्यात उकंडरावांना हिवताप आला. दातखीळ बसेल अशी थंडी वाजायची आणि मग अंग तव्यासारखं तापायचं. तापात ते बरळू लागले. चंद्रभागाबाई मुलाच्या उशाशी बसून होत्या, आणि मनकर्णा दारात उभी राहून एकदा नवऱ्याकडं पाहत होती, एकदा माजघरातल्या रिकाम्या कुंडीकडं. पहिल्यांदा झाड गेलं, आता कुंकू जाणार.

ती आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरच बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मले घरात घेऊ नका. झाडाले मी हात लावला. पाळीत लावला. दोन डाव."

चंद्रभागाबाईंना आधी काही उमजेना. "पाळीत? तुले तं दिवस गेले ना व?"

"नाई गेले."

मोठी माय सांगायची, त्या वेळी सासू ओरडली नाही, रडली नाही. मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाली, "न्हाणीमागं जाऊन बस." चिखलीच्या दवाखान्यातून कोयनेल आलं आणि उकंडराव आठवड्यात उठून बसले. मनकर्णाला वाटलं, आपण खरं बोललो म्हणून ते वाचले. कोयनेलचं श्रेय तिनं स्वतःकडंही घेतलं नाही, देवाला देऊन टाकलं. संक्रांत अगदी तोंडावर होती. ती उलटायच्या आत नारायणरावाकडं दुसरा निरोप गेला, आणि माघात घाटाखालची शालू या घरात सून म्हणून आली.

ती शालू म्हणजे माझी आई.

आता कुणाची बाजू घ्यायची ती घ्या. आई तेव्हा एवढीशी होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. सवतीच्या हातचं पाणी पिऊ नको असं सांगून तिला पाठवलं होतं आणि इथं आल्यावर तर सवतच तिची वेणी घाली. घाटाखालच्या मुलीला इथली थंडी सोसेना, तेव्हा मोठ्या मायनं स्वतःची गोधडी तिला दिली. चूल अजून मोठ्या मायकडंच होती, कारण नवीला स्वयंपाक नीट येत नव्हता. पण किल्ल्या चंद्रभागाबाईंनी काढून घेतल्या. ज्या दिवशी शालूला दिवस जातील त्या दिवशी चूलही जाणार, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मेलेल्या झाडाची कुंडी गोठ्याच्या कडेला पडली होती. वैशाखाच्या अखेरीस वळवाचे चार थेंब पडून गेले आणि एका दुपारी शेणाच्या गोवऱ्या थापताना मोठ्या मायला कुंडीतून एक टोक वर आलेलं दिसलं. गुलाबी, सुईसारखं. तिनं माती उकरून पाहिली. गड्डा टणक होता. पाणी घालायचं सोडलं म्हणूनच तो कुजला नव्हता. ती तिथंच बसून राहिली. मग तिला समजलं. झाड मेलंच नव्हतं. आपण ज्यापायी तोंड उघडलं, तसलं काही झालंच नव्हतं. अजून थोडे दिवस कळ काढली असती तर संक्रांत आली असती.

पण ती मुळात चिवट बाई. एकदा झाडाचं पाहून तिचं समाधान झालं नाही. पुढच्या पाळीत ती न्हाणीमागच्या खोलीत बसली असताना, दुपारी सगळे पडले होते तेव्हा गोठ्यात गेली आणि तिनं तो कोंब मुठीत धरला. नीट धरला, घट्ट. कोंबाची पानं झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं तुळशीला हात लावला. मग लोणच्याच्या बरणीला. तुळस वाढली, लोणचं वर्षभर टिकलं. मला हे सांगताना ती हसत असे, पण ते हसू काही बरं नव्हतं. न शिवायचा नियम खोटा आहे हे तिला कळलं, आणि दर महिन्याला त्याच खोलीत जाऊन बसणंही सुटलं नाही. आधी निदान त्या बसण्याला अर्थ तरी होता.

पावसाळ्यात झाड पुन्हा माजघरात आलं. चंद्रभागाबाईंनी शालूच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पाह्य, लक्ष्मीच्या पायगुणानं मेलेलं झाड जित्तं झालं." मोठी माय पानांवरची काजळी पुसत होती. ती म्हणाली, "हो, आत्याबाई."

दिवाळीनंतर शालू बाहेर बसली नाही.

आनंद झाला, मीठ-मोहऱ्या उतरल्या, दुधाचा पेला यायला लागला. आणि गारठा पडला. एक पान पिवळं झालं, मग दुसरं. चंद्रभागाबाईंनी पहिलं पान पाहिलं आणि उचलून बाहेर टाकलं. झाड अर्धं झालं तेव्हा दुधाचा पेला बंद झाला. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताकही फुंकून प्यावं तशी त्यांची गत झाली होती. एकदा फसवलेली सासू दुसऱ्यांदा का फसेल?

एका सकाळी त्यांनी कुंडी उचलून मधोमध आणून ठेवली आणि शालूला समोर उभं केलं.

"खरं सांग. तू बी तसंच केलं ना?"

"नाई व आत्याबाई. देवाची आण. मी या झाडाले हात बी लावला नाई."

"मंग हे काऊन मेलं?"

शालू रडायला लागली, आणि जितकी रडली तितकी चंद्रभागाबाईंची खात्री पटत गेली. त्यांनी मुलाला हाक मारली. "उकंडा, नारायणरावाले बोलाव. म्हणावं, घेऊन जा आपली पोरगी. मले खोटी सून एक पुरे झाली." उकंडराव, म्हणजे माझे वडील, बोर्डाच्या बैठकीत म्हणे टेबल ठोकून बोलत. घरात आईपुढं त्यांनी जोडे पायात घातले आणि दमणी जोडायला सांगितली.

इथं मोठ्या मायनं फक्त गप्प राहायचं होतं. बघा, काहीच करायचं नव्हतं. भाकरी भाजत होती, भाजत राहायचं. शालू घाटाखाली गेली असती. दुसऱ्यांदा असं फजीत झाल्यावर तिसरी आणायला कुणी धजलं नसतं. चूल राहिली असती, पाट राहिला असता, कदाचित किल्ल्याही परत आल्या असत्या. मी तिला विचारलं होतं, तुझ्या मनात आलं का हे? ती म्हणाली, "आलं तं! चांगलं आलं. एक भाकर करपली तोवर."

मग ती चुलीपुढून उठली.

"आत्याबाई, हे मरत नाई. थंडीनं झोपते. मागल्या सालीबी झोपलं होतं."

"तुले कसं ठाऊक?"

"पाह्यलं मी."

"काय पाह्यलं? झाड झोपते म्हणे! तुले सवतीचा पुळका आला काऊन आज?"

मोठी माय हुशार होती. तिनं ओळखलं, या घरात खरं चालणार नाही. इथं पटेल असंच काहीतरी द्यावं लागेल. आणि पटेल असं तिच्यापाशी होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी हात लावला," ती म्हणाली. "शालूनं नाई, मी. दर महिन्याले लावला. तुळशीले बी लावला, लोणच्याच्या बरणीले बी लावला. मुद्दाम लावला. पोरीचं पोट खरं आहे, तिले कुठं धाडू नका."

हे मात्र चंद्रभागाबाईंना लगेच पटलं. लोणच्याची बरणी त्यांनी स्वतः नेऊन उकिरड्यावर फोडली. तुळस उपटली. भटजी बोलावून घर शुद्ध केलं. दमणी सोडायला सांगितली आणि शालूला पाटावर बसवलं. मोठ्या मायला न्हाणीमागच्या खोलीत पाठवलं, ते तीन दिवसांसाठी नव्हे, कायमचं. चुलीला, पाण्याला, देवाला तिचा हात नको. शेण, गोठा, अंगण तेवढं तिनं करावं. जेवायच्या वेळी ताट उंबऱ्यापर्यंत सरकवायचं आणि तिनं तिथून उचलून न्यायचं. माझ्या वडिलांनी यावर काय म्हटलं, ते मी पुष्कळांना विचारलं. काहीच म्हटलं नाही म्हणतात.

आखाडात मी झाले. मुलगी. चंद्रभागाबाईंनी बारसं केलं, पण पेढे वाटले नाहीत.

आणि मग तिसरा हिवाळा आला. याच हिवाळ्याचा मला आजवर राग आहे. मी पाळण्यात होते. मोठी माय न्हाणीमागं होती, वर्षभरात तिला माजघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, झाडाजवळ फिरकायचा प्रश्नच नव्हता. पावसाळाभर माझ्या आईनं त्याला पाणी घातलं होतं, आणि तिच्या बाळंतपणात नि बाहेर बसायच्या दिवसांत चंद्रभागाबाईंनी. विटाळाच्या वाऱ्यालाही उभं राहू न दिलेलं असं ते झाड. दिवाळी झाली, गारठा पडला आणि एक पान पिवळं झालं. मग दुसरं. मार्गशीर्षात कुंडीत नुसती माती उरली.

घरातली तिन्ही माणसं कुंडीभोवती उभी होती. तिघांनाही डोळे होते. चंद्रभागाबाईंनी वाकून वाळकी पानं गोळा केली आणि माझ्या आईला म्हणाल्या, "कुंडी गोठ्यात ठेवून दे. उन्हाळ्याले येते ते वापस." आणि हात धुऊन जेवायला बसल्या. वडीलही बसले. न्हाणीमागच्या बाईला आत बोलवा, असं कुणी म्हणालं नाही. तिचं ताट रोजच्यासारखं उंबऱ्यापर्यंत सरकवलं गेलं. सरकवणारा हात माझ्या आईचा होता.

मोठी माय त्या खोलीतच म्हातारी झाली आणि तिथंच गेली. ती गेल्यावर मी आईशी भांडले. म्हटलं, तिनं तुला वाचवलं, मला वाचवलं, त्या दिवशी तू एक शब्द का बोलली नाहीस? आई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तू झाली होतीस, लेकरा," ती म्हणाली. "पोरगा नव्हता झाला. आन् त्या खोलीत दोघींपुरती जागा होती."